महालक्ष्म्यांच्या गोळ्या

माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत न विचारता शिरायची हिंमत लातुरात कुणाची नाही. आमच्या रुग्णालयाचे अधीक्षकसुद्धा आधी बाहेरून खोकतात. मी तापट आहे, दिवसभर अंधारात काम करते, आणि मध्येच दार उघडून उजेड आत आला की माझं डोकं फिरतं. पंचशीला पहिल्यांदा आली ती मात्र थेट आत. एका हातात बर्फाचा डबा, दुसऱ्या हातात जेवणाचा, आणि मान वाकडी करून खांद्यावर दाबून धरलेला फोन. फोनवर कुणाला तरी दम देत होती, "अगं, मी कवाची काय सांगून राहिले? उपाशी यायचं म्हंजी चहा बी न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, तुमच्या फ्रीजमध्ये जरा जागा करा. बायांचं रक्त हाय. गरम झालं तर बिचाऱ्यांना पुन्हा टोचावं लागंल."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. पण ओरडले नाही. मुकाट्यानं माझी ताकाची बाटली बाहेर काढली आणि तिला जागा करून दिली. असं का केलं ते मला अजून उमगलेलं नाही. पुढे पाहिलं तर तिच्यासमोर सगळ्यांचंच असं होतं.

पंचशीला एका संशोधनाची संयोजक. नांदेड-लातूरची तीन रुग्णालयं, हैदराबादची प्रयोगशाळा, पुण्यात बसून आकडेमोड करणारी मंडळी आणि दोन जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतल्या बायका, एवढ्यांची मोट तिनं बांधायची. संशोधन एंडोमेट्रिओसिसचं. नाव जिभेला जड, पण दुखणं घरोघरचं. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसलंच अस्तर या आजारात बाहेर, पोटात भलत्याच ठिकाणी उगवतं. पाळी आली की तेही सुजतं, झिरपतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग पोटात जखमा, गाठी, एकमेकांना चिकटलेली आतडी, आणि जीव नकोसा करणारं दुखणं. पंचशीला खेड्यात हे एका वाक्यात सांगते, "पेरलं आपल्या वावरात, उगवलं दुसऱ्याच्या बांधावर." बायका लगेच माना डोलावतात. बांधावरून काय काय होतं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

या आजाराचं निदान व्हायला जगभर वर्षानुवर्षं लागतात. सोनोग्राफीत तो पुष्कळदा दिसत नाही, आणि बाईचं पोट दुखतंय ही कुणाला बातमीच वाटत नाही. रोज मरे त्याला कोण रडे! आपल्या भागातल्या बायकांत हा आजार लवकर कसा ओळखावा आणि कुणाला कुठला उपचार मानवतो, हे शोधायचं म्हणून आम्ही सगळे एकत्र आलो होतो. खरं सांगायचं तर एकत्र आलो नव्हतो, पंचशीलानं ओढून आणलं होतं.

ती भोकर तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील ग्यानोबा गावाला नळाचं पाणी सोडायचे, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून घरातून देव्हारा गेला आणि शाळेचं वेड आलं, असं ती सांगते. नांदेडला समाजकार्य शिकली. नवरा अश्वजित धर्माबादला शाळेत गणित शिकवतो, मुलगी लुंबिनी सातवीत आहे. नवरा सकाळी एका दिशेला जातो, ही दुसऱ्या. "आमचा संसार गाड्यांच्या टायमावर चालू हाय मॅडम," असं म्हणून खो खो हसते.

या कामात ती का आली, ते मी एकदा विचारलं. तेव्हा हसली नाही. म्हणाली, "आई दर महिन्याला पोटाला टावेल आवळून खुरपायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया तसंच करतात."

तिचं काम बघून मी थक्क व्हायचे. पुण्याहून सूचना आली होती की दुखणं शून्य ते दहा या मापात विचारा. आमच्याकडची बाई दुखण्याला आकडा देत नाही. भिंत धरून उभी असते आणि "हाय जरासं" म्हणते. पंचशीलानं आकड्यासोबत स्वतःचं माप जोडलं. घागर उचलली का? भाकरी थापली का? लेकराला कडेवर घेतलं का? जे काम सुटलं त्यावरून दुखणं किती ते कळायचं. पुण्याच्या मंडळींना ते इतकं पटलं की त्यांनी तिन्ही रुग्णालयांत तेच लावलं. बायकांना पाळीची तारीख आठवायची नाही, पण देवणीच्या बाजाराच्या आधी की नंतर, पोळ्याच्या अलीकडे की पलीकडे, ते पक्कं आठवायचं. पंचशीलाला दोन जिल्ह्यांचे बाजार आणि सगळे सण तोंडपाठ. त्यातून ती प्रत्येकीची तारीख काढायची. फोन तर बहुतेक घरांत नवऱ्याच्या खिशात. मग ती आधी नवऱ्याशी सोयाबीनच्या भावावर बोलायची, आणि तो खूश झाला की म्हणायची, "दादा, जरा वहिनीकडं द्या."

शिवांगी आमच्याकडे आली ती अशीच. देवणीजवळच्या गावची, शेतीवाडीचं घर, वय पंचविशीच्या आत, पदरात एक मुलगा. दर महिन्याला ती कमरेत वाकून जायची, ओकायची, अंगावरची कातडी जरा ओढली तरी हातात येईल इतकी वाळली होती. उदगीरच्या शिबिरात नवरा शिवमूर्ती तिला घेऊन आला. मी तपासलं, सोनोग्राफी स्वच्छ आली. स्वच्छ आली म्हणजे आजार नाही असं नव्हे, हेही मी दोघांना सांगितलं. पण घरी पोचेपर्यंत त्यातलं अर्धंच उरलं. मशीनीत काही नाही, एवढंच.

पंचशीला तिला फोन करत राहिली. श्रावणात शिवांगीनं घागर उचलली नाही, भाकरी थापली नाही, लेकराला जावेकडे दिलं. भाद्रपदात मात्र गंमत झाली. महालक्ष्म्यांच्या सणात ती ठणठणीत होती. पुरण वाटलं, सोळा भाज्या केल्या, गावजेवण वाढलं. गौरी उठल्या, पाहुणे गेले, आणि भांडी घासायच्या वेळी बाई अंथरुणात. घरच्यांनी निकाल लावून टाकला: सण असला की नाचते, काम निघालं की पोट धरते. सोंग आहे सगळं. आणि हे सोंग कायमचं मिटवायचा उपायही ठरला. तालुक्याच्या एका दवाखान्यात बोलणी झाली, दसरा झाला की शिवांगीची पिशवी काढायची.

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडे पंचविशीच्या आतल्या बायकांची पिशवी काढतात आणि कुणाच्या घशात घास अडकत नाही. एक मुलगा झाला ना, मग पिशवीचं काय काम? मला या वाक्याचा इतका संताप येतो की ऐकलं की माझे कान लाल होतात. शिवांगीचा आजार आम्हाला संशय होता तो असेल, तर तो पिशवीच्या बाहेर होता. पिशवी गेली असती आणि दुखणं राहिलं असतं. शिवाय शिवांगीला अजून एक लेकरू हवं होतं. मुलगी हवी होती. हे तिनं फक्त पंचशीलाला सांगितलं होतं, फोनवर, कुजबुजत.

खरं काय ते पाहायचं तर पोटात दुर्बीण घालायला हवी होती. पण दुर्बिणीसाठी आधी दुखणं पाळीला धरून आहे हे दिसायला हवं, आणि शिवांगीचं गणित नेमकं महालक्ष्म्यांपाशी बिघडत होतं. पंचशीलाच्या हिशोबानं तिची पाळी ऐन सणात यायला हवी होती. आली नाही, दुखलंही नाही. औषध काही घेतेस का, असं तिनं दोनदा विचारलं. दोन्हीदा "न्हाई."

मला उदगीरला जायचं होतं त्या दिवशी पंचशीला गाडीत येऊन बसली आणि उदगीर मागे पडलं तरी गाडी थांबेना. आमचा ड्रायव्हर नागप्पा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. "मीच सांगितलं त्याला," पंचशीला म्हणाली. "शिवांगीच्या घरी एक चहा पिऊ. तुम्ही डॉक्टर म्हणून नुसत्या बसा. रागावू नका."

अंगणात शिवांगीचे सासरे रामलिंग गोठ्यातल्या देवणी बैलाला खाजवत होते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, असा देखणा बैल की मीही क्षणभर बघत राहिले. सासू कस्तुराबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. चेहरा करारी, कुंकू ठसठशीत. शिवांगीनं चहा आणला आणि दाराआड उभी राहिली. इकडतिकडचं झाल्यावर पंचशीला म्हणाली, "मावशी, तुमच्या महालक्ष्म्या लई थाटात असत्यात म्हणं."

कस्तुराबाईंचा चेहरा फुलला. "पंचक्रोशीत नाव हाय आमच्या महालक्ष्म्यांचं."

"आमी बौद्ध," पंचशीला म्हणाली. "आमच्यात महालक्ष्म्या बसत न्हाईत, म्हणून मला मालूम न्हाई. पण घरात एवढ्या सुना, जावा. त्या दिवसात कुणाला अडचण आली तर सोवळ्याचं कसं करता?"

कस्तुराबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग तूर बाजूला सारली आणि कौतुकानं समजावून सांगायला लागल्या, जसं एखाद्या परगावच्या पाहुणीला सांगावं तसं. "माझ्या घरात महालक्ष्म्यांला कवाच अडचण येत न्हाई. आठ-धा दिस आधीपासून समद्या पोरींला मी सोता गोळ्या देती. पाळी लांबते. गौरी उठल्या की गोळ्या बंद."

"शिवांगीला बी दिल्या?"

"मंग? धाकली सून हाय. पुरण तीच वाटती."

"पण मी तिला इचारलं व्हतं, औषध घेतीस का मनून. न्हाई म्हणाली."

"ते कुठं औषध हाय?" कस्तुराबाई हसल्या. "ती देवाची गोळी."

मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्याही घरी महालक्ष्म्या बसतात. या गोळ्या मीही घेतल्या आहेत, आणि मला कुणी विचारलं असतं तर ते औषध म्हणून सांगायचं माझ्याही ध्यानात आलं नसतं. आमच्या भागात त्या मेडिकलच्या दुकानातून हळदीकुंकवाच्या सामानासोबत घरी येतात. ज्या जातीची ही गोळी, त्याच जातीची औषधं एंडोमेट्रिओसिसचं दुखणं थांबवायला देतात. सासूनं सुनेला सणासाठी गोळी दिली, पाळी थांबली, आणि पाळीसोबत दुखणंही थांबलं. गोळी बंद झाली, पाळी आली, भांडी घासायच्या दिवशी दुखणं परत. बिघडलेलं गणित एका फटक्यात सुटलं होतं, आणि ते सुटलं कारण पंचशीलाला या सणाची सवय नव्हती. आम्हाला जे विचारायचं सुचलंच नसतं, ते तिनं विचारलं.

पंचशीला शांत होती. म्हणाली, "मावशी, म्हंजी तुमच्या गोळीनं तिचं दुखणं थांबलं."

"असंल."

"मंग ते सोंग कसं? सोंगाला गोळी लागू पडत न्हाई."

कस्तुराबाई खेड्यातली हुशार बाई, हिशोब कळायला तिला वेळ लागत नाही. त्यांनी दाराआड उभ्या असलेल्या सुनेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पंचशीलाला विचारलं, "तुमी काय करनार?"

"पोटात दुर्बीण घालून बघू. आत काय असंल ते डॉक्टर काढत्याल. पिशवीला हात लावणार न्हाई."

"आन् दसऱ्याला तिकडं ठरलंय ते?"

"ते तुमीच ठरवलंय, तुमीच मोडा."

एवढं तोंडावर बोलायची माझी छाती झाली नसती. कस्तुराबाईंनी पुन्हा तूर पुढे ओढली, दोन मुठी निवडली आणि म्हणाल्या, "शिवमूर्तीला सांगती मी."

परतताना पंचशीला गाडीत अखंड फोनवर होती. तिन्ही रुग्णालयांतल्या सगळ्या बायकांना पुन्हा फोन करायचे आणि सणावाराची, लग्नकार्याची, तीर्थाची गोळी घेतली होती का ते विचारायचं. पुढच्या दिवसांत अशा कितीतरी बायका निघाल्या, ज्यांचं दुखणं आम्हाला विस्कळीत वाटत होतं. कुणी भावाच्या लग्नात घेतली होती, कुणी नवरात्रात. धर्माबादची लक्ष्मम्मा तर म्हणाली, यात्रेचे ते दिवस आयुष्यात सुखाचे गेले, तिला वाटलं देवीची कृपा. जे आकडे आम्हाला घोळ वाटत होते तेच आता सांगत होते की या बायकांना औषध लागू पडतं. औषध त्यांच्या घरात, हळदीकुंकवाच्या शेजारी ठेवलेलं होतं. संशोधनाला सगळी दिशाच नवी मिळाली.

शिवांगीची दुर्बीण लातूरला झाली. त्या दिवशी पंचशीला काय काय करत होती ते आठवलं तरी मला दम लागतो. भूलतज्ज्ञ, खाट, हैदराबादला जाणारा बर्फाचा डबा, शिवमूर्तीचं जेवण, शिवांगीच्या मुलासाठी दूध, सगळं तिच्या बोटांवर. शस्त्रक्रिया डॉक्टर सुदर्शन करत होते आणि मी पडद्यासमोर उभी होते. दुर्बीण आत गेली. गर्भाशय लहानसं, गुलाबी, धडधाकट. आणि त्याच्या मागे, कढईच्या बुडाला करपल्यासारखे काळे-तपकिरी डाग. आतडं ओढून आणून चिकटलेलं. माझ्या यंत्राला जे दिसलं नव्हतं ते सगळं तिथे होतं. या पोटानं ही पोर पुरण वाटत होती, घागरी उचलत होती! सुदर्शननी एकेक डाग सोडवून काढला, आणि गर्भाशय होतं तसं ठेवून पोट मिटवलं.

बाहेर आल्यावर त्यांनी शिवांगीच्या घरच्यांना चित्रण दाखवलं. असं दाखवावं हा पंचशीलाचाच हट्ट. शिवमूर्तीनं बघितलं आणि डोळे पुसत खिडकीपाशी गेला, रामलिंग दारापाशीच उभे राहिले. कस्तुराबाई मात्र हलल्या नाहीत. सुदर्शननी पुढचं सांगितलं, की आता काही काळ गोळ्या द्यायच्या, लेकरू हवं असेल तेव्हा थांबवायच्या, आणि हा आजार परत डोकं काढू शकतो म्हणून येत राहायचं. कस्तुराबाईंनी विचारलं, "महालक्ष्म्यांच्याच गोळ्या?"

"त्याच जातीच्या. पण आमच्या मापानं."

त्यांनी मान हलवली. मग हळूच पंचशीलाचा दंड धरला आणि तिला बाकावर ओढून बसवलं. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"बाई, माझी पिशवी हिच्याच वयात काढली. हा शिवमूर्ती तवा रांगत व्हता. मला बी असंच व्हायचं."

"मंग नंतर थांबलं का?"

"न्हाई थांबलं." त्यांचा करारी आवाज फाटला. "कुणाला सांगू? समदे म्हणत्यात, पिशवीच न्हाई तर दुखतंय काय? मी बी म्हणलं, दुखत नसंलच. मनाचं असंल."

पंचशीलानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी उठले आणि माझ्या खोलीचं दार उघडलं.

कस्तुराबाई टेबलावर आडव्या झाल्या. पंचशीला पायाशी उभी राहिली आणि त्यांचे तळवे हातात धरून ठेवले. मी यंत्र फिरवायला सुरुवात केली. गर्भाशय नव्हतं, पण अंडाशयं ठेवलेली होती, आणि डाव्यावर गाठ. जुनाट, दाट, भोवतीचं सगळं ओढून धरलेली. मी तिथे जरा दाब दिला आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट पकडली.

"मावशी," मी म्हणाले, "दिसतंय मला. गाठ आहे. दुखणारच."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. करड्या रंगातलं ते काळपट वर्तुळ त्यांना काय कळलं असेल कोण जाणे. मग म्हणाल्या, "ह्यांला बोलवा."

"कुणाला?"

"मालकांला. ह्यांला दाखवा."

आमच्याकडे पोटातलं लेकरू मुलगा की मुलगी ते दाखवणं गुन्हा आहे. त्यामुळे सोनोग्राफीचा पडदा नवऱ्याकडे वळवायचा नाही, ही माझ्या हाताला नोकरीभर लागलेली सवय. त्या दिवशी मी पडदा दोन्ही हातांनी धरला आणि दाराकडे वळवला. पंचशीलानं बाहेर जाऊन हाक मारली, "मामा, आत या. मावशी बोलवून राहिल्या."

रामलिंग टोपी हातात घेऊन आत आले. अंधारात चाचपडत उभे राहिले. मी बोट ठेवून त्यांना ती गाठ दाखवली, ती किती जुनी असावी ते सांगितलं, आणि ती किती दुखत असेल तेही सांगितलं. ते वाकून बघत होते. गोठ्यातल्या बैलाच्या अंगावरचा एकेक ठिपका ओळखणारा माणूस तो पडदा तितक्याच बारकाईनं बघत होता.

मग त्यांनी बायकोकडे वळून विचारलं, "लई दुखतंय का गं?"

कस्तुराबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलायला लागले. रामलिंगनी चाचपत त्यांचा हात शोधला आणि तसेच उभे राहिले. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला, तेव्हा पंचशीलानं माझं मनगट धरलं आणि मानेनंच नको म्हणाली.